उजव्या कोपऱ्यातली सही

सर जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराविषयी मला आदर वाटू लागला, तो त्याची चित्रं पाहून नव्हे, तर त्याच्या वह्यांविषयी वाचून. हे मी आमच्या एका चित्रकार स्नेह्यांना बोलून दाखवलं, तेव्हा ताजमहालासमोर उभं राहून मी घरपट्टीची चौकशी केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण वीस वर्षं लेजरात मान घातलेल्या माणसाने दुसरं काय पाहायचं?

रेनॉल्ड्स 1723 साली डेव्हनमधल्या प्लिम्प्टन गावी एका शाळामास्तराच्या घरी जन्मला. लंडनला टॉमस हडसनकडे उमेदवारी, मग इटलीची वारी. रोममध्ये राफाएलची चित्रं बघत थंडीत उभं राहिल्यामुळे कान गेला म्हणतात. 1753 साली लंडनला बस्तान बसवलं, आणि पाचच वर्षांनी, 1758 मध्ये, एका वर्षात तसबिरीसाठी बसायला आलेली माणसं दीडशेच्या घरात! हे कळतं ते त्याच्या खिशातल्या डायऱ्यांवरून. कोण, कधी, किती वाजता, सगळं टिपलेलं. सकाळी दहाला गडी कामाच्या खोलीत हजर. अकरा ते चार गिऱ्हाइकं. म्हणजे जवळजवळ बँकेचीच वेळ. फरक इतकाच, की तो दहाला खरोखरच हजर असे.

दरपत्रक पक्कं. 1764 च्या सुमाराला नुसतं डोकं 30 गिनी, कमरेपर्यंत 70, आणि पायाच्या नखापर्यंत हवे असाल तर 150. (गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. वरचा एक शिलिंग प्रतिष्ठेचा!) अर्धी रक्कम पहिल्या बैठकीलाच टेबलावर. आमच्या बँकेने कर्जं देताना एवढी दक्षता घेतली असती, तर वसुली खात्यातल्या निम्म्या लोकांना दुसरं काम शोधावं लागलं असतं. एवढ्या दोन हजारांवर तसबिरी काय तो एकटा रंगवतो? चेहरा साहेबांचा, झगे, पडदे, लेस वगैरे किरकोळ व्हाउचरं हाताखालच्या लोकांनी पास करायची. पीटर टॉम्स नावाचा गृहस्थ या कापडखात्यात वाकबगार होता. स्वतःही चित्रकारच, पण त्याला ओळखतात ते दुसऱ्याच्या चित्रातल्या कपड्यांसाठी.

गिऱ्हाइकं तरी कशी! बंगालचे वॉरन हेस्टिंग्ज याच्यासमोर बसून गेले, आणि पुढे 1788 साली ज्यांनी त्याच हेस्टिंग्जवर पार्लमेंटात खटला उभा केला ते एडमंड बर्कही बसून गेले. आरोपी आणि फिर्यादी दोघांच्याही पावत्या एकाच पुस्तकात. 1768 साली रॉयल अकादमी निघाली, तिचा हा पहिला अध्यक्ष. पुढच्या वर्षी ‘सर’. कानाला कर्णा लावून बसायचा. नको ते बोलणं सुरू झालं, की कर्णा बाजूला करून तपकिरीची चिमूट घ्यायचा, अशी त्याची ख्याती. असा एक कर्णा आमच्या प्रत्येक काउंटरवर बसवावा अशी सूचना मी युनियनकडे करणार आहे.

आता एवढ्या व्यवस्थित माणसाचं कुठे काय चुकावं? तर नेमकं मालात! चेहऱ्यावर लाली यावी म्हणून तो कार्माइन वापरायचा, आणि हा रंग उजेडात उडतो. सावलीसाठी डांबरी रंग घ्यायचा, तो धड वाळतच नाही आणि पुढे भेगाळतो. त्यात पुन्हा मेण. जुन्या व्हेनिशियन उस्तादांचं गुपित कळावं म्हणून म्हणे त्याने त्यांची चित्रं खरवडूनसुद्धा पाहिली! परिणाम असा, की त्याच्या हयातीतच गुलाबी गालांच्या सरदारणी पांढऱ्याफटक पडू लागल्या. नॉर्थकोट नावाच्या शिष्याने एकदा भीत भीत सुचवलं, की कार्माइनऐवजी हिंगूळ वापरला तर टिकेल. सर जोशुआंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि सांगितलं, मला तर कातडीत कुठे हिंगूळ दिसत नाही. संपलं! साहेबाला सूचना करणाऱ्याचं दोनशे वर्षांपूर्वीही हेच होत होतं हे वाचून मला फार बरं वाटलं.

होरेस वॉलपोलने यावर जो तोडगा सुचवला, तो कॉमर्सच्या पुस्तकात घालण्याच्या लायकीचा आहे. रेनॉल्ड्सला रोख पैसे देऊच नयेत. वर्षासन बांधून द्यावं, चित्र टिकेल तितकीच वर्षं चालू राहील असं!

इथे आमच्या गोष्टीत तो उजव्या कोपऱ्यातला माणूस येतो.

त्या काळी फोटो नव्हते. गाजलेली तसबीर चार लोकांनी पाहावी, तर ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची. रेनॉल्ड्सच्या चित्रांना मानवली ती मेझोटिंटची रीत. हे काम कसं चालतं ते ऐका. बारीक दात्यांचं, गोल धारेचं एक हत्यार असतं. ते पाळण्यासारखं पुढेमागे झुलवत सगळा पत्रा उभा, आडवा, तिरका खरबरीत करून टाकायचा. दिवसच्या दिवस नुसतं झुलवणं. या अवस्थेत शाई लावून छापला, तर कागदावर अमावस्या. मग त्या काळोखातून उजेड खरवडून काढायचा. जिथे पत्रा घासून गुळगुळीत कराल तिथे शाई ठरत नाही, तिथे पांढरं. नाकाचा शेंडा, मोत्याची चमक, रेशमाची सळसळ, सगळं असं काळ्यातून वर आणायचं. तेही उलटं, कारण छापताना डाव्याचं उजवं होतं. आणि एवढं करून पत्रा नाजूक! शंभर-दीडशे प्रती झाल्या की बारकावे पुसट होऊ लागतात.

अशा छापील चित्राखाली डाव्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याचं नाव, पुढे लॅटिनमध्ये ‘पिन्क्सिट’. उजव्या कोपऱ्यात कोरणाऱ्याचं, पुढे ‘स्कल्प्सिट’ किंवा ‘फेसिट’. आमच्या व्हाउचरवर असतात तशा दोन सह्या. वाचतात डावीकडची. उजवीकडच्याची आठवण चूक निघाल्यावर होते.

यातला पहिला मोठा म्हणजे डब्लिनहून आलेला जेम्स मॅकार्डेल. 1754 पासून त्याने रेनॉल्ड्सच्या तसबिरी कोरल्या. आपण अमर झालो तर या माणसामुळे होऊ, असं खुद्द रेनॉल्ड्स म्हणाल्याचं सांगतात. मॅकार्डेल 1765 साली, चाळिशीही न गाठता गेला. पण बोल खरा ठरला. कागदावर कार्माइन नव्हतंच, उडणार काय? मूळ चित्रात सावल्या भेगाळल्या, गाल उतरले. आणि गिऱ्हाईक घरी गेलं त्या दिवशी ती तसबीर कशी होती, हे पाहायला लोक आज या काळ्यापांढऱ्या नकला शोधतात. मूळ दस्त वाळवीने खाल्ला आणि खरी नक्कल तेवढी शाबूत, असला प्रकार!

शिवाय धंद्यालाही या नकलांचा हातभार लागायचा. रेनॉल्ड्सच्या खोलीत अशा छापील चित्रांचा एक गठ्ठाच असे. येणाऱ्याने चाळायचा, बोट ठेवायचं: ‘अशी बैठक, असा हात, असा झगा.’ की झालं. हे आमच्या हिला सांगितलं तर ती म्हणाली, “मग त्यात काय? साडीच्या दुकानात मीही काचेतल्या बाहुलीकडेच बोट दाखवते.”

एवढं असून मान किती? रॉयल अकादमीत कोरणाऱ्यांना पूर्ण सभासद करायचं नाही. फार तर ‘असोसिएट’, बाहेरच्या ओसरीवर. एक बार्तोलोत्झी तेवढा आत गेला, तोही चित्रकार म्हणून! 1783 साली व्हॅलेंटाइन ग्रीन या नामांकित कोरणाऱ्याची समजूत अशी, की नटी सेरा सिडन्सची ती प्रसिद्ध भव्य तसबीर आपल्यालाच मिळणार. ती गेली फ्रान्सिस हॉवर्डकडे. खुद्द बाईंचीच तशी इच्छा, असं सांगण्यात आलं. ग्रीनने सर जोशुआंना रागाची पत्रं लिहिली. प्रमोशन हुकल्यावर लिहितात तशीच, फक्त इंग्रजी बरं. त्याच तसबिरीत बाईंच्या झग्याच्या काठावर रेनॉल्ड्सने स्वतःची सही केली आहे. डावा कोपराही त्याचा, झगाही त्याचा!

पण उजव्या कोपऱ्याने एकदा कडी केली. रेनॉल्ड्सचं अनवाणी बसलेल्या एका लहान मुलीचं चित्र आहे, छातीशी हात घेतलेली. आधीच्या एका चित्रावरच त्याने ते रंगवलं. जगात ते ‘एज ऑफ इनोसन्स’ म्हणून माहीत आहे. हे नाव रेनॉल्ड्सचं नव्हे. तो 1792 साली वारला. 1794 मध्ये जोसेफ ग्रोझर नावाच्या कोरणाऱ्याच्या छापावर ते उमटलं आणि चिकटलं ते कायमचं. बारशाला बाप हजर नव्हता. आत्याने नाव ठेवून दिलं.

अकादमीने कोरणाऱ्याला पूर्ण सभासद केलं ते 1855 साली. सॅम्युएल कझिन्स त्याचं नाव. मेझोटिंटवालाच, आणि रेनॉल्ड्सची चित्रं त्यानेही कोरलेली. अर्ज आत गेल्यापासून निकाल लागेपर्यंत सत्त्याऐंशी वर्षं. आमच्या हेड ऑफिसला दाखवायला हे कात्रण मी जपून ठेवलं आहे.