यादीत आपले नाव

परदेशात राहून आलेल्या बाईला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तिथे भाजी मिळायची का? आणि लोक कसे वागायचे? जपानबाबत पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याला मात्र मी अडखळते. लोक फार सौजन्याने वागायचे; पण आपण त्यांचे कधी होणार, हे काही केल्या कळायचे नाही.

आता आम्ही बंगळूरच्या होसूर रस्त्यावर, बोम्मसंद्र्याला राहतो. त्याआधी सहा वर्षे टोकियोत, एदोगावा भागातल्या निशिकासाईला होतो. सन २००० च्या सुमारास संगणकांच्या 'वायटूके' कामासाठी गेलेली बरीच भारतीय मंडळी तिथे स्थिरावली. तोझाई मार्गाची गाडी थेट ओतेमाचीच्या कचेऱ्यांपाशी नेते. शिवाय तिथल्या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत जामीनदार लागत नाही, की घरमालकाला परत न मिळणारे 'रेइकिन' द्यावे लागत नाही. एका खासगी दलालाने आम्हाला कमरेत वाकून, हसतमुखाने सांगितले होते, "परदेशी माणसे मालकांना चालत नाहीत."

नव्या घरी गेल्यावर शेजाऱ्यांना छोटीशी भेट देण्याची तिथे रीत आहे. आम्ही टॉवेल दिले. कचऱ्याचे वार ठरलेले. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा. प्लॅस्टिकच्या बाटलीचे झाकण आणि वेष्टन काढून ती वेगळी. शेजारच्या आजींनी हे सारे खुणांनी शिकवले, पण दारातच उभे राहून. त्या कधी आत आल्या नाहीत, मलाही बोलावले नाही. आपल्याकडे एवढ्यावरून अबोलाच समजला असता!

मी इमारतीच्या सफाईच्या रविवारी झाडू घेऊन खाली जाऊ लागले. काही महिन्यांनी आजींनी माझ्या हाती 'काइरानबान' दिले. म्हणजे रहिवासी मंडळाच्या सूचना लावलेली पाटी. वाचून खूण करायची आणि पुढच्या दारी पोहोचवायची. त्यातल्या घरांच्या यादीत आमचे आडनाव होते. परक्या शब्दांसाठी वापरतात त्या काताकाना लिपीत का होईना, पण होते!

त्या नावाची किंमत मला ११ मार्च २०११ ला कळली. शुक्रवार होता. दुपारी पावणेतीनला घर हलू लागले आणि थांबेचना. मी दीड वर्षाच्या मुलीला घेऊन टेबलाखाली बसले. लिफ्ट बंद, फोन लागेना, यजमान ओतेमाचीला. तेवढ्यात दार वाजले. डोक्यावर हेल्मेट, हातात यादी, अशा आजी उभ्या होत्या. त्यांनी आमच्या नावापुढे खूण केली, मुलीला माझ्या ओढणीने माझ्याच पाठीशी बांधले आणि माझा हात धरून सहा मजले उतरवले. गाड्या बंद पडल्याने यजमान दहा-एक किलोमीटर चालत रात्री घरी पोहोचले. तोवर आजी माझ्याजवळून हलल्या नाहीत.

जपानमध्ये परदेशी माणसाला मत देता येत नाही. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या परिषदेवर निवडून आले, तेही २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतल्यानंतर. मतदारयादीची वाट अशी लांबची. जिन्यातली यादी मात्र झाडू हाती घेतल्यावर सापडली.

बोम्मसंद्र्याला आलो तेव्हा पारपत्र लागले नाही, पण कानडी कुठे येत होते? "ऊटा आयता?" म्हणजे "जेवण झालं का?" एवढे वाक्य शिकून मी शेजार जोडला. आमचा भाग कारखान्यांचा. ओडिशा, बिहार, आसामकडचे कामगार इथे खूप. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या इमारतीमागे पत्र्याच्या खोल्यांत असे कितीतरी लोक अडकले. रेशनकार्डे गावाकडे राहिलेली. ठेकेदाराच्या वहीत नुसते आकडे होते: पुरुष इतके, बायका इतक्या.

मी शेजारच्या कानडी अक्कांना म्हटले, "आधी नावं लिहून घेऊ."

आम्ही चौघी तोंडाला रुमाल बांधून वही घेऊन गेलो. नाव, गाव, किती जण, लहान मूल आहे का, कोणी गरोदर आहे का. एका ओडिया मुलीने नाव सांगितले आणि विचारले, "याचे पैसे पडतील का?" त्या वहीवरून घरोघर तांदूळ-डाळ गोळा झाली. मे महिन्यात गावी जाणाऱ्यांची नोंदणी सरकारच्या 'सेवा सिंधू'वर करायची होती, तेव्हाही तीच वही कामी आली.

ऑगस्ट २०२५ पासून मेट्रो थेट बोम्मसंद्र्यापर्यंत येते. नवी बिऱ्हाडे रोज येत आहेत. तुमच्याही इमारतीत येत असतील. त्यांना चहाला बोलवायला सवड होईल तेव्हा होईल. आधी त्यांचे नाव विचारा, नीट लिहून घ्या आणि कचऱ्याची गाडी किती वाजता येते तेवढे सांगून ठेवा.