बीरशहाची समाधी: राजाची की राणीची?

१/
चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, अंचलेश्वर मंदिराशेजारी, गोंड राजघराण्याच्या समाध्यांचे आवार आहे. त्यांतील सर्वांत भव्य समाधी कोणाची? नगर वसवणाऱ्या खांडक्या बल्लाळशहाची नव्हे; बीरशहाची. आणि बीरशहा तर अल्पकाळ राज्य करून मारला गेलेला राजा.

२/
परंपरा सांगते की, देवगडच्या राजघराण्यात दिलेल्या आपल्या मुलीचा अपमान झाला म्हणून बीरशहाने जावयाशी युद्ध केले व त्याचे शिर महाकालीला अर्पण केले. पुढे, १७०४ च्या सुमारास, दुसऱ्या विवाहाच्या प्रसंगी हिरामण नावाच्या विश्वासू अंगरक्षकानेच त्याचा वध केला.

३/
राजाला पुत्र नव्हता. राणी हिराईने चंदनखेड्याच्या शाखेतून रामशहाला दत्तक घेतले आणि तो लहान असेपर्यंत राज्यकारभार स्वतः सांभाळला. ही समाधी तिनेच बांधविली.

४/
मृतासाठी दगड उभा करण्याची परंपरा गोंडांत जुनी आहे. गडचिरोलीतील माडिया गोंड आजही स्मृतिशिळा रोवतात. हिराईने मात्र चौरस दगडी वास्तू व घुमट निवडला. त्या काळी दख्खनच्या सुलतानांपासून मुघलांपर्यंत साऱ्यांना समजणारी सत्तेची भाषा तीच होती.

५/
या समाधीला 'उलटा ताजमहाल' म्हणण्याचा मोह होतो. पण शहाजहानचे तख्त मुमताजच्या मृत्यूने डळमळले नव्हते. येथे राजा मारला गेला होता, वारस दत्तक होता आणि गादीवरचा हक्क सिद्ध करायचा होता. अशा वेळी पतीची समाधी हे केवळ शोकाचे चिन्ह उरत नाही. राजवंश खंडित झालेला नाही, अशी ती जाहीर ग्वाही ठरते.

६/
हिराईची इतर बांधकामेही याच दिशेने बोट दाखवतात. महाकालीचे मंदिर तिने उभारले, अंचलेश्वराचा जीर्णोद्धार केला. राजवंशाची दैवते आणि राजवंशाचे मृत, दोहोंची व्यवस्था तिने लावली.

७/
१७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले. रामशहाचा पुत्र नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत मरण पावला. राज्य संपले, समाधी उरली. आज ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

८/
चंद्रपूरला गेलात तर घुमटाखाली क्षणभर थांबा. आत बीरशहा आहे. पण या दगडांतून बोलते ती हिराई.