गाल दस्त्यावर टेकू दे

स्क्रँटन, पेनसिल्व्हेनिया
१२ ऑक्टोबर

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

जुनी मार्लिन ३३६ घेतलीस, हे मला तुझ्या आईकडून कळलं, तेही रडवेल्या आवाजात. तिची समजूत मी काढतो. पण तू फोटो पाठवलास तो बंदुकीचा नाही, दुर्बिणीचा! ४ ते १६ पट, पुढचं भिंग ५० मिलिमीटर. अरे, हरणाला जायचंय की गुरूचे चंद्र मोजायचेत? आमच्या या दाट रानात शंभर यार्डांचं मोकळं नजरेला पडलं तरी नशीब समजायचं. पेटी फोडली नसशील तर परत करून टाक.

३३६ चा दस्ता नळीवरच्या माशीने नेम धरायला घडवलेला आहे. गाल टेकवला की डोळा आपोआप माशीच्या रेषेत येतो. दुर्बीण या रेषेच्या वर बसते. ती जितकी वर चढेल, तितका गाल दस्त्यापासून सुटतो. मोठं भिंग घेतलंस की ते नळीला घासू नये म्हणून दुर्बीण धरणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागतात, आणि उंच रिंगा घेतल्या की मान ताठ. म्हणून ३२-३३ मिलिमीटरचं भिंग, २ ते ७ पट, एक इंची नळीची हलकी दुर्बीण घे आणि बसतील त्यातल्या सगळ्यांत बुटक्या रिंगा. मागची माशी आडवी आली तर पाडून ठेव, ती पडते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या पहिल्या ३३६ ला मी कमानीच्या रिंगा लावल्या होत्या, ज्यांच्या खालच्या भोकातून माशीही दिसते. विकणारा म्हणाला, एका बंदुकीत दोन नेम. मी कोकणातला, एकावर एक फुकट म्हटल्यावर भुललो. डिसेंबरातली कातरवेळ, सत्तरेक यार्डांवर नर उभा. मी बंदूक उचलली तर गाल अधांतरी, दस्त्यावर टेकलेली फक्त हनुवटी, आणि दुर्बिणीत काळी चंद्रकोर. डोकं वरखाली करून चित्र स्वच्छ होईपर्यंत तो ओढ्यापलीकडे गेला होता. सिंधुदुर्गातल्या आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला माशी तेवढी होती, पण शेतात शिरलेलं डुक्कर त्यांच्या हातून असं सुटल्याचं मी ऐकलं नाही.

तुझा मित्र त्याच्या विंचेस्टर ९४ चा माउंट देतो म्हणतोय, तो घेऊ नकोस. जॉन ब्राउनिंगने रचलेल्या त्या बंदुकीतून रिकामी पुंगळी सरळ वर उडते. वर दुर्बीण असेल तर पुंगळी तिच्यावर आपटणार. म्हणून तिथे माउंट बाजूला लावतात, नाहीतर लांब नजरेची दुर्बीण पुढे नळीवर बसवतात. १९८० च्या दशकात पुंगळी तिरकी फेकायची सोय झाली, तेव्हा कुठे दुर्बीण मधोमध आली. मार्लिनचं छप्पर बंद आणि पुंगळी उजवीकडून बाहेर. वर भोकं पाडलेली असतात, त्यांत भरलेले स्क्रू काढले की बेस सरळ बसतो. अगदी जुन्या ३३६ ला ही भोकं नसतात, तेव्हा आधी तुझी बघ.

बेस एकसंध घे. खाचा वीव्हरच्या की पिकॅटिनीच्या, हे दुकानात नीट विचार. पिकॅटिनी म्हणजे तुमच्याच न्यू जर्सीतलं, मॉरिस काउंटीतलं लष्करी ठाणं. त्याच्या खाचेची रुंदी ०.२०६ इंच, वीव्हरची ०.१८० इंच. त्यामुळे वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर सहसा बसते, पण पिकॅटिनीची जाड पट्टी वीव्हरच्या खाचेत बहुधा शिरत नाही. झटकन निघणाऱ्या खटक्याच्या रिंगा महाग असतात. पावसाबर्फात भिंग आंधळं झालं तर माशीवर येता येतं, एवढाच त्यांचा फायदा. तुला पहिल्या वर्षी नकोत.

रिंगा आवळण्याआधी घरी एक कर. बंदूक रिकामी आहे ना, बघ. नळकांडी मॅगझिनमध्ये एखादं काडतूस दडून राहतं, म्हणून लिव्हर ओढून बोट घालून चाचप. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव, गाल टेकव आणि डोळे उघड. पूर्ण गोल दिसायला हवा. मान हलवावी लागली तर दुर्बीण पुढेमागे सरकव, आणि तरीही जमलं नाही तर रिंगा बदल. आपली मान बदलायची नाही.

स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसून तेल काढ. मी ते केलं नव्हतं. गोळ्या चौफेर पडायला लागल्या तेव्हा मी दीड डबा काडतुसं जाळून दुर्बिणीला शिव्या घातल्या, आणि सैल होते बेसचे स्क्रू. रिंगांचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंडांवर आवळतात, पण रिंगांच्या कागदावरचा आकडा खरा मान. पाना माझ्याकडे आहे.

तुमच्या न्यू जर्सीत हरणाला अशी रायफल चालत नाही, म्हणजे तू इकडेच येणार. इथे मोठ्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, लिव्हरची चालते. रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. नारिंगी जाकीट आणि टोपी आण. नाहीतर माझी जुनी घालशील, तिला कुबट वास येतो.

एक राहिलं. दुर्बीण खाली बसली की तिच्या मागच्या टोकाखाली घोडा दडतो आणि अंगठा नीट पोचत नाही. भरलेल्या बंदुकीचा घोडा उतरवताना अंगठा निसटला तर काय होईल, ते तुला सांगायला नको. घोड्याला लावायचा एक छोटा आडवा खुंट मिळतो, तो बेसबरोबरच मागव. तू डावखुरा आहेस, तेव्हा तो डावीकडे लाव.

तुझा,
मामा