चिमण्या हातांची उन्हाळी सुट्टी

मैत्रिणींनो, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या सुट्टीचा विचार आपण सगळ्याच करतो. पोहणं, चित्रकला, मामाचं गाव, सारं आधीपासून ठरलेलं असतं. पण ज्यांनी अजून शाळेची पायरी धड चढलेली नाही, अशा दोन ते पाच वर्षांच्या चिमण्यांचं काय? सुट्टी म्हणजे काय ते त्यांना कळतच नाही. त्यांना एवढंच कळतं, की दादा-ताई दिवसभर घरात आहेत, आई नेहमीपेक्षा जास्त कामात आहे आणि 'बाहेर जाऊ नकोस' हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा कानावर येतं आहे.

त्यात आपला यवतमाळचा उन्हाळा! एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकतो. सकाळी दहाला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, कूलरमध्ये पाणी भरायचं, ते संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत सगळे घरातच. म्हणून तर विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. बंद दाराआडचे हे सात तास कसे घालवायचे, हाच आपल्यापुढचा खरा प्रश्न असतो. बहुतेक घरांत त्याचं उत्तर एकच, मोबाईल हातात द्यायचा आणि वरणाला फोडणी घालायला जायचं. दमलेल्या आईला मी नावं ठेवणार नाही. पण दुसरीही वाट आहे, ती आज सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी साडेतीन वर्षांची होती. जूनमध्ये तिला शिशुवर्गात घालायचं ठरलं होतं. त्याच वेळी एका उन्हाळी वर्गाचं पत्रक घरी आलं. 'दोन महिन्यांत मूल लिहू लागेल' असं त्यात छापलेलं. सासूबाईंना ते पटलं. त्या म्हणाल्या, "अवं, बाजूचा पोट्टा पन्नासलोक आकडे म्हणते. आपली पोरगी मागं राहीन न!" ह्यांचंही तेच मत पडलं. फी भरायची तयारी झाली होती.

मी अर्धवेळ शिकवते, तीही शिशुवर्गालाच. दरवर्षी जूनमध्ये माझ्यासमोर अशी दोन-चार मुलं बसतात, ज्यांना 'ए'पासून 'झेड'पर्यंत म्हणता येतं, पण डब्याचं झाकण उघडता येत नाही. पेन्सिल मुठीत इतकी घट्ट धरतात, की चार ओळींत हात दुखायला लागतो आणि मग वही नकोशी होते. ह्यात मुलांचा दोष नाही. मनगटातली छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेची असतात आणि पुढची कित्येक वर्षं एकेक करून घट्ट होत जातात. बोटांत जोर आणि नेमकेपणा आल्यावरच लिहिणं सोपं जातं. हा जोर पाटीवर गिरवून येत नाही. तो मळण्यानं, निवडण्यानं, ओतण्यानं, बटण लावण्यानं येतो.

हे काही माझं शोधलेलं शहाणपण नव्हे. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा झाडणं, धुणं, वाढणं ही घरातली कामंच मुलांच्या हाती दिली. आपल्याकडे हा विचार ज्यांनी रुजवला, त्या ताराबाई मोडक काही काळ आपल्या शेजारच्या अमरावतीत संसार करत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी काम केलं आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. महागडी साधनं कुठून आणणार? पानं, बिया, शिंपले, माती, जे हाताशी होतं त्यातूनच साधनं झाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचाच मानला आहे.

मी घरी एवढंच म्हटलं, "आई, दोन महिने माझ्याकडे द्या. फीचे पैसे बाजूला ठेवा. जूनमध्ये तुम्हीच ठरवा." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पत्रक त्यांनी देवघराच्या कप्प्यात जपून ठेवलं!

मग आम्ही काय केलं, ते सांगते.

पहिला आला कापूस. आपल्या जिल्ह्यात पांढऱ्या सोन्याला काय तोटा! घरी कापसाची एक पिशवी असतेच. दुपारी सासूबाई वाती वळायला बसत. त्यांच्यासमोर धाकटीला बसवलं आणि बोंडातल्या कापसातून सरकी वेगळी करायला दिली. अंगठा आणि दोन बोटं, पेन्सिलीला लागते नेमकी तीच पकड. सरकी वाटीत टाकायची, पाच झाल्या की दुसरी वाटी. आठवड्याभरात ती स्वतः वाकड्यातिकड्या वाती वळू लागली. आजीनं त्यातली एक संध्याकाळी निरांजनात लावली, तेव्हा पोरीचा चेहरा बघायला हवा होता.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. मे-जूनमध्ये शेतकऱ्यांच्या घरात पेरणीचं बियाणं येतं. ते रंग चढवलेलं असतं आणि त्याला औषध लावलेलं असतं. ते आणि फवारणीच्या रिकाम्या बाटल्या मुलांच्या हाती कधीही पडू देऊ नका. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांवर संकट आलं, ते आपण पाहिलंच आहे.

दुसरं आलं वाळवण. शेवया, कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या यांच्या दिवसांत लहान मूल पायात पायात करतं आणि आपण ओरडतो. त्यापेक्षा त्याला कणकेचा एक गोळा द्यावा. मळू दे, साप करू दे, पोळपाटावर लाटू दे. मुगवड्या ताटलीवर घालायला दिल्या, तर एक मोठी, एक बारकी होईल. होऊ दे! वाळल्यावर सगळ्या सारख्याच लागतात. ओळीत घालता घालता डावीकडून उजवीकडे जायची सवय लागते, ती पुढे वाचताना कामी येते.

तिसरा खेळ पाण्याचा. यवतमाळकर बायकांना पाण्याचं मोल सांगायला नको. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटत चालले होते, तेव्हा नळाची वाट बघत आपण किती दिवस काढले! म्हणून आमच्या घरी पाण्याच्या खेळाला एकच तांब्या. न्हाणीघरात एक तांब्या पाणी, दोन वाट्या, एक चमचा आणि चहाची गाळणी. ह्या वाटीतून त्या वाटीत ओतायचं, सांडलं तर फडक्यानं टिपायचं. खेळ संपला की उरलेलं पाणी तुळशीला. अर्धा-पाऊण तास मूल रमतं. पण आपण उठून जायचं नाही. भरलेली बादली आणि लहान मूल, ह्यांना एकटं कधीच सोडू नये, वीतभर पाण्यातही जीव जाऊ शकतो. कूलरलाही ओल्या हातानं मुलांना शिवू देऊ नये.

चौथा खेळ आमच्या सासऱ्यांनी काढला. त्यांनी खुर्च्या एकामागे एक मांडल्या आणि झाली 'शकुंतला'! मूर्तिजापूर ते यवतमाळ ही आपली छोट्या रुळांची गाडी पूर्वी धावायची. आता ती बंद आहे, पोरीनं ती कधी पाहिलीही नाही. पण आजोबा पुकारायचे, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, लाडखेड, यवतमाळ! प्रत्येक स्टेशनावर एक बाहुली उतरायची, एक चढायची. तिकीट म्हणून पळसाचं पान. क्रम लक्षात ठेवणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, मोठ्यानं स्पष्ट बोलणं, सगळं त्या गाडीत आलं. आणि एरवी वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसणारे आजोबा रोज चार वाजता गार्ड होऊ लागले.

सकाळी सहा ते आठ मात्र घराबाहेर. बहाव्याचे पिवळे घोस, गुलमोहराच्या पाकळ्या, लिंबोळ्या, मुंग्यांची रांग, बघण्यासारखं पुष्कळ असतं. एका रविवारी पहाटे निघून आम्ही कळंबला चिंतामणीला गेलो. तिथं देऊळ जमिनीच्या पातळीच्या खाली आहे. एरवी देवळाला चढून जायचं, इथं पायऱ्या उतरून. "बाप्पा खाली का राहतो?" हा प्रश्न मग आठवडाभर आम्हाला पुरला.

आता थोडं मोबाईलविषयी. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांनी पडद्यासमोर बसूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास, तोही कमी तितका बरा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी आणि दुपारच्या डुलकीसकट दहा ते तेरा तास झोप हवी. आमच्याकडे पडद्याला संध्याकाळचा अर्धा तास ठरला. पहिले चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. पाचव्या दिवशी ती आपणहून सरकीची वाटी घेऊन बसली.

लहान बाळांच्या आयांनी आणखी थोडं सांभाळायचं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ चिंचोके, शेंगदाणे, सरकी ठेवू नका, ती नाका-तोंडात जाते. त्यांना मोठ्या वाट्या, झाकणं, कणीक पुरे. अकरा ते चार उन्हात नेऊ नका. पन्हं, ताक, लिंबूपाणी मागायची वाट न बघता घोट घोट देत राहा. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, अंग तापलं, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या.

तुम्ही म्हणाल, "हे सगळं करायला आईला वेळ कुठला?" खरं आहे. पण ह्यातलं एकही काम मी मुलीसाठी वेगळं काढलं नव्हतं. वाती, वाळवण, तुळशीचं पाणी, सगळं घरात होतंच. तिला त्यात वाटा दिला. काम थोडं लांबलं, फरशी दोनदा जास्त पुसावी लागली. पण सात तास 'हे नको, ते नको' म्हणण्याचा त्रास वाचला. आणि एकट्या आईवर सगळा भार पडला नाही, आजी-आजोबाही त्यात आले. ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी नाहीत, त्यांनी शेजारणींशी वार वाटून घ्यावेत. एक दुपार तुझ्याकडे, एक माझ्याकडे.

जून आला. धाकटीला 'ए' काढता येत नव्हता. पण ती आपल्या फ्रॉकची बटणं लावत होती, डबा उघडत होती, हात धुऊन नळ बंद करत होती आणि पाळी येईपर्यंत थांबत होती. बाजूच्या पोट्ट्याला अजूनही तिच्यापेक्षा जास्त आकडे येत होते, ते खोटं कशाला सांगू? सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. शाळेच्या दिवशी त्यांनी देवघराच्या कप्प्यातलं ते पत्रक काढलं, त्याची पुडी केली आणि नातीनं वळलेल्या वाती तीत बांधून ठेवल्या. अक्षरं पुढे दिवाळीनंतर आली, आपल्या पायांनी आली, आणि हात दुखतो अशी तक्रार काही आली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या सुट्टीत पत्रकं घरी येतील तेव्हा फी भरण्याआधी एकदा स्वयंपाकघरात नजर टाका. निवडायचे तांदूळ, सोलायचे वाटाणे, घडी घालायचे रुमाल, जोडीनं लावायचे मोजे, चार-पाच वर्षांच्या मुलाचं दोन महिन्यांचं शिक्षण तिथंच मांडून ठेवलेलं दिसेल. करून बघा. आणि तुमच्या घरी काही नवा खेळ निघाला, तर ह्या पानासाठी जरूर लिहून पाठवा. पुढचा उन्हाळाही तितकाच लांब असणार आहे!