जुना कॅमेरा कीं नवा ?

घरांत कोणतीही नवी वस्तु आली कीं जुनीचे अभिमानी आणि नवीचे अभिमानी असे दोन पक्ष पडावयाचेच. आमच्या उस्मानपुऱ्यांतील एकत्र कुटुंबांत सध्यां हा वाद छायाचित्रणावरून चालतो. वडील बंधूंच्या मतें खरें चित्र फिल्मवरचेंच. पुतण्याच्या मतें फिल्म ही आतां संग्रहालयांत ठेवण्याची वस्तु. दोन्ही पक्ष ऐकून आम्हांस जें वाटलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम चित्राच्या गुणाविषयीं. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. डिजिटल कॅमेऱ्यांत त्यांची जागा प्रकाश मोजणाऱ्या लक्षावधि घरांनीं घेतली आहे. निगेटिव्ह फिल्म प्रखर उजेड मोठ्या सोशिकपणें सहन करते. वैशाखाच्या उन्हांत उभ्या केलेल्या मुलाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या तिच्यावर शाबूत राहतात. डिजिटल चित्रांत तोच भाग एकदां कोरा झाला कीं मग उपाय नाहीं. परंतु अजिंठ्याच्या लेण्यांत जावें. तेथें उजेड मंद, आणि फ्लॅशला मनाई. मंद वेगाची फिल्म भरलेली असेल तर छत्तीस चित्रें संपेपर्यंत तिच्याशींच बांधलेलें राहावें लागतें; डिजिटलमध्यें दर चित्रास वेग बदलतां येतो. 1975 सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं बनविलेला पहिला डिजिटल कॅमेरा सुमारें 10,000 बिंदूंचें चित्र टिपी आणि तें फितीवर उतरविण्यास 23 सेकंद घेई. आज खिशांतल्या फोनाचें चित्र एक कोटीहून अधिक बिंदूंचें असतें. गुणाचा वाद येथें बव्हंशीं मिटतो, आणि सोयीचा तर उपस्थितच होत नाहीं.

खरा प्रश्न निराळाच आहे. गेल्या वर्षीं आमच्या मातोश्री निवर्तल्या. भिंतीवर लावण्यास चित्र हवें म्हणून सर्वांचे फोन धुंडाळले. चित्रें शेंकड्यांनीं निघालीं. पण कोठें त्या पंक्तीस वाढीत आहेत, कोठें कडेला अर्ध्याच आल्या आहेत. मागल्या दिवाळींतील त्यांचें हंसतें चित्र ज्या फोनांत होतें तो पावसांत भिजून निकामी झालेला. सूनबाईंनीं माहेरीं पाठविलेली एक प्रत मिळाली, परंतु पाठवितांना ती इतकी लहान झाली होती कीं मोठी करतांच चेहरा विरघळला. शेवटीं भिंतीवर लागलें तें 1978 सालचें. रोलांत छत्तीसच चित्रें, म्हणून बंधूंनीं त्यांना ओसरीवर मुद्दाम बसवून तें काढलें होतें.

यावरून बंधूंचा पक्ष जिंकला असें मात्र नव्हे. 1844 पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानें अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति तैलरंगांत उतरविल्या. त्या इंग्लंडांत क्रिस्टल पॅलेसमध्यें प्रदर्शनास मांडल्या होत्या. 1866 च्या आगींत बहुतेक जळून गेल्या. वर्षानुवर्षांचे श्रम गेले, कारण दुसरी प्रत नव्हती. निगेटिव्हही एकुलतीच असते. मराठवाड्याचा उन्हाळा आणि पावसाळ्यांतील बुरशी हे तिचे घरचेच वैरी. डिजिटल चित्राचा थोर गुण हाच कीं त्याची दुसरी प्रत पहिलीच्या तोडीस तोड असते. मात्र ती कोणीतरी काढून ठेविली पाहिजे !

म्हणून आमच्या घरीं तह झाला आहे. बंधूंच्या पेटींतील निगेटिव्ह पुतण्या डिजिटल करून ठेवितो. पहिली मान मातोश्रींच्या चित्रास मिळाला. वर्षाच्या फोनांतील चित्रांतून बारा चित्रें बंधु निवडतात. तीं कागदावर छापून, मागें नांव व तिथि लिहून, आल्बमांत लावलीं जातात. बाकीचीं दोन डिस्कांवर राहतात, आणि त्यांतील एक डिस्क पुण्यास भगिनीकडे असते.

कॅमेरा कोणताही असो. वाचकांनीं या आठवड्यांत आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस क्षणभर स्वस्थ बसवून एक चित्र काढावें, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरीं पाठवून द्यावी.