तुरा फुटेपर्यंत

भोसरीत आम्ही लहानाचे मोठे झालो तेव्हा परसात खुराडं नसलेलं घर विरळा. 1982 साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण आमच्या आयांचा गाव काही सुटला नव्हता. वडील तीन पाळ्यांत आणि आई त्यांच्या डब्याच्या नि कोंबड्यांच्या वेळेत बांधलेली. खुडूक कोंबडी पाटीत अंड्यांवर बसवली की एकविसावा दिवस साऱ्या आळीला पाठ.

पिल्लं निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: "तलंगा किती?" तलंग म्हणजे अंडी, कोंबडा म्हणजे म्हसोबाचा नवस, नाहीतर आखाड. शेजारच्या मावशी अंडी बसवतानाच निवडायच्या. लांबट, टोकदार अंडं कोंबड्याचं, गोल ते तलंगीचं. आमची आजी चाकणची, शनिवारच्या बाजारात निम्मं आयुष्य गेलेलं. ती पिल्लू मानेच्या कातडीला धरून उचले. पाय पोटाशी घेतले तर तलंग, लोंबते सोडले तर कोंबडा. कुणी सुईदोरा पिल्लावर धरायचं. सुई गोल फिरते की सरळ झुलते, यावर घराघरांत भांडणं. प्रत्येकीचं निम्मं तरी खरं ठरायचंच, कारण पिल्लं साधारण निम्मी-निम्मीच निघतात.

अंड्याच्या आकाराचा यात काहीच संबंध नाही, हे पुढे कळलं. नर की मादी ते कोंबडीच्या बीजातच ठरतं, कोंबड्याच्या नाही. हॅचरीत एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार अलगद उघडून आतला बारीक उंचवटा बघतात. ही विद्या शंभरेक वर्षांपूर्वी जपान्यांनी बसवली. तरबेज माणूस तासाला हजारेक पिल्लं निवडतो. पंखांच्या पिसांवरूनही ओळखतात, पण मुद्दाम जुळवलेल्या संकरातच. आमच्या गावठी पिल्लांना तो नियम लागू नव्हता. घरी कुणी पिल्लू दाबून बघायच्या फंदात पडलं नाही हे बरंच झालं. नवख्या हातात ते दगावतं.

आजीचा खरा भरवसा मात्र वेगळाच होता. दीड-दोन महिने थांबायचं. ज्याचा तुरा लवकर लाल नि मोठा, पाय जाड, तो कोंबडा. तलंगीचा तुरा बारका, फिकट. तिसऱ्या महिन्याच्या आसपास कमरेवरची पिसं टोकदार व्हायला लागली की मग वादच नाही. मग पिल्लू उचलून बघायची कशाला? "पोरांना तेवढीच गंमत," म्हणायची.

सायकलवर पाटी बांधून रंगीत पिल्लं विकणारा यायचा. गुलाबी, हिरवी, जांभळी. आम्ही आठ आणे जमवून एक हिरवं घेतलं. सुई फिरवली, मानेला धरलं, दोन्हींनी कौल दिला: तलंग. ही पिल्लं अंडी देणाऱ्या जातीतले निवडून बाजूला काढलेले नर असतात, अंडी देत नाहीत आणि अंगानंही भरत नाहीत, म्हणून रंगवून मातीमोल विकतात, हे आम्हांला कुणी सांगायचं? रंग उडाला, पांढरी पिसं आली. तुरा लालभडक नि मोठा झाला, तरी आम्ही तिला हिरवीच म्हणत होतो आणि खोक्यात भुसा घालून अंड्याची वाट बघत होतो.

एका सकाळी आठच्या सुमाराला, तिसरी पाळी करून शेजारचे काका नुकतेच आडवे झाले असताना, ती भिंतीवर चढली आणि मान ताणून दणक्यात आरवली. काका लुंगी सावरत बाहेर आले.

"वहिनी, तुमची तलंग आरवतीय."