मोटर गेली नव्हती, कार्बन गेले होते

मंडळी, विषय घरातला आहे, पण घरापुरता नाही. म्हणून लिहितोय.

आमचा व्हॅक्यूम क्लीनर सहा वर्षांचा. मागच्या महिन्यात जळका वास आला, आत ठिणग्या दिसल्या आणि बंद पडला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या पोरानं उघडलासुद्धा नाही. मॉडेल नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाला, "सर, मोटर गेलीय. हे मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही. एक्स्चेंजमध्ये नवा घ्या, नऊ हजारात बसेल." नाडी न बघता निदान करणारा डॉक्टर पहिल्यांदाच बघितला.

तिथनं थेट उद्यमनगर. वायंडिंगचं दुकान, साठीतले मिस्त्री. म्हटलं, "मामा, बघता का जरा?"

"ठेवा की."

दहा मिनिटांत मोटर बाहेर. "वायंडिंग ठणठणीत हाय ओ. कार्बन संपल्यात, अन् बेअरिंग वाजतंय."

ही मोटर मिक्सरच्याच जातीची. फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोचवायला दोन बाजूंनी दोन कार्बन घासत असतात. मिनिटाला हजारो फेरे, त्यामुळं ते झिजणारच. गाडीचे ब्रेक लायनर झिजतात तसे. लायनर संपले म्हणून कुणी गाडी भंगारात घालत नाही. पण या मापाचे कार्बन बाजारात नाहीत आणि कंपनी सुटे देत नाही. अख्खी मोटर घ्या म्हणते, आणि ती तर 'बंद'! मामांनी मोठ्या ड्रिल मशीनचे कार्बन काढले, कानशीनं घासून मापात बसवले. बेअरिंग नेहमीच्या मापाचं, शेजारच्या दुकानात मिळालं. साडेचारशे रुपये. मशीन चालू.

ज्या गावानं ऑईल इंजिनं बनवली, त्या गावात हातांची कमी नाही. अडवलंय ते पार्टनी. मामांचा पोरगा पुण्याला नोकरीला गेला. "कंपनी पार्टच दीना, मग त्यानं हितं बसून काय करायचं?" यावर मला काही बोलता आलं नाही.

केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची, पार्टची माहिती तिथं द्यावी, हा हेतू चांगलाच आहे. पण सुटे पार्ट कुठल्याही मिस्त्रीला विकलेच पाहिजेत, असा स्वतंत्र कायदा आपल्याकडं नाही. एप्रिल 2023 पासूनच्या ई-कचरा नियमांत व्हॅक्यूम क्लीनरही येतो. त्याच्या भंगाराची जबाबदारी कंपनीवर आहे. म्हणजे मेल्यावरची सोय झाली, औषधाचं कोण बघणार?

युरोपात 2017 पासून व्हॅक्यूम क्लीनरची मोटर किमान 500 तास टिकली पाहिजे असा नियम आहे. 2024 मध्ये त्यांनी आणखी एक कायदा केला. गॅरंटी संपल्यावरही कंपनीनं वाजवी दरात दुरुस्ती करून द्यायची. त्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर आहे. तीच मशीनं, त्यातल्या बऱ्याच कंपन्याही त्याच. मग आपल्या गिऱ्हाइकानंच काय घोडं मारलंय?

आपल्या खासदारांना हे पत्रानं कळवतोय. मजकूर कमेंटमध्ये टाकतो, पटला तर तुम्हीही पाठवा. नवीन मशीन घेताना कार्बन, फिल्टर, पाइप सुटे मिळतील का आणि किती वर्षं, हे दुकानदाराला बिलावर लिहून मागा. अडवणूक झाली तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि मामांचं दुकान सोमवारी बंद असतं, हेलपाटा घालू नका.